होल्डवर ठेवलेली दिवड

सोपानकाका दर सोमवारी सकाळी दहा वाजता सापांकडून चावून घेतात. घड्याळ बघून. आधी डावी बाही कोपरापर्यंत दुमडतात, हात साबणाने धुतात, कोरडा करतात, चष्मा लावतात आणि मग एकेका पेटीचं झाकण सरकवून आत हात धरतात. साप चावला की ते समाधानाने "ओके" म्हणतात. नाही चावला तर त्यांचा चेहरा पडतो.

घाबरायचं कारण नाही. हे साप म्हणजे दिवड. पाण्यात राहणारे, मासे-बेडूक खाणारे, बिनविषारी. त्यांचा चावा म्हणजे कुणीतरी मूठभर टाचण्या एकदम हातावर दाबाव्यात तसा. रक्त येतं, चुरचुरतं, थांबतं. नाग किंवा घोणस आली असेल तेव्हा डॉक्टर शबाना काकांना खोलीबाहेर उभं करतात आणि काका शिक्षा झालेल्या मुलासारखे बाहेर उभे राहतात.

हे सगळं चालतं ताथवड्याच्या पुढे, ओढ्याकाठच्या पत्र्याच्या तीन खोल्यांत. जखमी झालेले जंगली प्राणी-पक्षी तिथे आणले जातात, बरे केले जातात आणि वनखात्याच्या परवानगीने परत सोडले जातात. डॉक्टर शबाना ते केंद्र चालवतात. सोपानकाका तिथे निवृत्तीनंतर येऊ लागले आणि मग यायचे थांबलेच नाहीत. मी गेले ती एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी. विषय होता बंदिवासातल्या पाणसापांचा आक्रमकपणा आणि स्वभाव. तो मी निवडला नव्हता. मला फुलपाखरं हवी होती, पण फुलपाखरं आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतली होती. माझ्या विषयावर वाचायला मिळालं ते बहुतेक अमेरिकेतल्या गार्टर सापांबद्दल होतं. आपली दिवड त्यांची लांबची चुलत बहीण. "दिवड चालेल का?" असं मी प्रकल्पाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "चालेल." एप्रिल होता. एप्रिलच्या उन्हात कुणाला काहीही विचारलं तरी ते चालेल म्हणतात.

पिंपळे सौदागरहून तिथे पोचायला दोन बस आणि डांगे चौकातून एक रिक्षा लागायची. सकाळी साडेनऊला मी केंद्रात शिरायचे तेव्हा माझा दिवस संपल्यासारखी दमलेली असायचे.

पहिल्याच दिवशी काका समोर येऊन उभे राहिले. उंच, वाळके, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक टॉर्च.

"म्याडम, तुमी काय मोजनार?"

आमच्या घरी मराठी बोलत नाहीत. मराठीत बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा बहुतेक वेळा निघून गेलेला असतो. काका गेले नाहीत. उभेच राहिले.

"साप किती वेळा हल्ला करतो ते," मी शेवटी म्हणाले.

"कशानं मोजनार?"

"व्हिडिओनं."

"ते झालं. गेज कुठलं?"

माझ्याकडे गेज नव्हतं. मला गेज म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. काकांनी बाही वर सारून डावा हात माझ्यापुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या कमानी, एकीवर एक.

"हे गेज," ते म्हणाले.

काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे. आयुष्यभर त्यांनी एका लोखंडी दांडीने, म्हणजे गेजने, भोकं तपासली. दांडीचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढंच. पास झालेल्या मालाला हिरवी चिठ्ठी, नापास मालाला लाल, आणि ज्याचं ठरत नाही त्याला पिवळी. पिवळी म्हणजे होल्ड. माल बाजूला ठेवायचा, हलवायचा नाही, कुणीतरी ठरवेपर्यंत. निवृत्त होताना कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी घड्याळ मुलाला देऊन टाकलं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागून घेतला. आता केंद्रातल्या प्रत्येक दिवडीच्या पेटीला त्यांनी सुतळीने एकेक चिठ्ठी बांधलेली आहे.

त्यांचा सिद्धान्त सोपा आहे. "चिडतंय म्हंजी तब्येत बरी हाय. जे चावतंय ते सोडायचं. जे चावत न्हाई ते बिघडल्यालं. माणसाचंबी तसंच असतं राव. आमचा सुपरवायझर रोज सकाळी शिव्या घालायचा. एक दिवस गप बसून ऱ्हायला. आमी समदे घाबरलो, उचलून दवाखान्यात नेला. शुगर केवढी निघाली!"

डॉक्टर शबानांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्या पिंपरीतल्या, वडिलांचं गॅरेज, त्यामुळे चिकट माणसांशी कसं बोलायचं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तरी काकांपुढे त्यांचं चालायचं नाही.

"काका, हात घालू नका. साप उचलायचा आकडा आहे, टॉवेल आहे."

"म्याडम, टावेलला दुखत न्हाई."

"म्हणूनच टॉवेल वापरायचा ना!"

"ज्याला दुखत न्हाई त्याला काय कळनार?"

त्या उन्हाळ्यात रोज दोन-तीन घारी उन्हाने चक्कर येऊन पडत होत्या आणि लोक त्यांना कापडी पिशव्यांतून, बुटांच्या खोक्यांतून आणत होते. डॉक्टरांना भांडायला ताकदच उरत नसे. सोमवारी दहा वाजता त्या पक्ष्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या.

काकांची एक जाड नोंदवही होती. पेटी, वजन, खाणं, जखम आणि शेवटचा रकाना स्वभाव. ती सगळी वही मला कॉम्प्युटरवर उतरवायची होती. बाकीचे रकाने ठीक होते. स्वभावाच्या रकान्यात असं असायचं: "लई चिडका. ओके." "नुसता फुसफुसतो, दात लावत न्हाई. बघू." "मेल्याचं सोंग घेतो. नाटकी." "आपल्यावर राग न्हाई, पाण्याच्या वाटीवर हाय." "सकाळी बरा, दुपारी सासऱ्यावानी." मला प्रत्येक सापाला आक्रमकतेचे एक ते पाच गुण द्यायचे होते. सासऱ्यावानीला किती द्यायचे यावर मी बसमध्ये बराच विचार केला. शेवटी चार दिले.

काका केंद्र उघडायच्या आधी येऊन फाटकाशी थांबलेले असायचे. जेवायचे बरोबर साडेबाराला; "भोंगा झाला" असं स्वतःच म्हणून डबा उघडायचे. संध्याकाळी डॉक्टर किल्ल्या वाजवत उभ्या राहिल्या की "शिफ्ट सुटली वाटतं" म्हणत नाइलाजाने उठायचे. बायको मुलीकडे, नातवंडाला सांभाळायला. मुलगा हिंजवडीत, बारा तास कॉम्प्युटरपुढे. याहून जास्त ते घरचं सांगत नसत आणि मीही विचारत नसे. आमचं जमलं ते त्यामुळेच. ते सापांबद्दल बोलायचे आणि मी मान हलवायचे. दिवसभराच्या दमणुकीत एवढाच सहवास मला झेपत होता.

सात नंबरच्या पेटीत एक मोठी मादी होती. मनगटाएवढी जाड, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. थेरगावातल्या एका सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये कुणीतरी तिला दांडक्याने मारलं होतं. पाठीची जखम केव्हाच भरली होती. खाणं उत्तम होतं. पण तिच्या पेटीला पिवळी चिठ्ठी होती आणि वहीत दर सोमवारी एकच ओळ: "गप. दात लावत न्हाई. होल्ड."

तिची तपासणी काका सगळ्यात शेवटी करायचे. "म्याडम, जरा वाट्यांत पानी भरून आना." मी पाणी भरून येईपर्यंत तपासणी झालेली असायची.

एका सोमवारी डॉक्टरांनी वही बघितली.

"काका, सात नंबरचं या महिन्यात ठरवायला पाहिजे."

"आजून गप हाय म्याडम. ठिवू की थोडी होल्डवर."

"किती दिवस? तिला माणसाची भीती नाही, राग नाही, तर बाहेर सोडून उपयोग नाही. पहिल्याच घरात शिरेल आणि मार खाईल. त्यापेक्षा मोठ्या केंद्रात पाठवून देऊ. जे परत सोडता येत नाहीत ते तिथे कायमचे ठेवतात. काचेमागे राहील, शाळेतली मुलं बघतील. जगेल तरी."

काकांनी वही मिटली. परत उघडली. परत मिटली. "बघू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका माशांच्या बाजारात गेलेले असताना मी सात नंबरचा व्हिडिओ घेतला. माझी पद्धत साधी होती. पेटीच्या पुढच्या काचेसमोर मोबाईल लावायचा आणि हातमोजा घातलेला हात बाहेरून काचेपाशी न्यायचा. सात नंबरने मान चपटी केली आणि काचेवर तोंड आपटलं. मग परत. मग परत. मी हात मागे घेतला तरी ती थांबली नाही. शेवटी वळून तिने पाण्याच्या वाटीला फटका मारला. मी पेटीचा नंबर तीनदा वाचला.

काका परतले तेव्हा त्यांनी मासे डाव्या हाताने धुतले. तपासणीला ते नेहमी डावा हात वापरायचे, पण आता उजव्या तळव्याला चिकटपट्टी होती आणि पट्टीच्या बाहेर लाल ठिपक्यांची एक ताजी कमान डोकावत होती.

"हाताला काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जास्वंदीचा काटा लागला."

जास्वंदीला काटे नसतात. डॉक्टरांच्या हातात एक फडफडणारी घार होती, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं.

मी दोन दिवस काही बोलले नाही. सांगायचं तर डॉक्टरांना सांगायला हवं होतं, ते सोपंही होतं. व्हिडिओ पाठवायचा, एक शब्दही बोलावा लागला नसता. पण मोबाईल हातात घेतला की मला फाटकाशी उभे असलेले काका दिसायचे. आणि न सांगावं तर ती काचेमागे जाणार होती, रोज चावत असूनही, चावत नाही म्हणून.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघंच वाट्या घासत होतो. वाक्य मी सकाळपासून जुळवून ठेवलं होतं.

"काका, सात नंबर चावते."

त्यांचा हात थांबला नाही. "कोन म्हनलं?"

"व्हिडिओ आहे."

"दाव."

त्यांनी आधी बिनचष्म्याचा बघितला, मग चष्मा लावून बघितला. तिसऱ्या फटक्याला त्यांना राहवलं नाही. "काय मारतीय बघ! पार मानंपासनं मारतीय!" मग चेहरा विझला.

"डाक्टरला दावलंस?"

"नाही."

"का गं?"

म्याडमची मी एकदम पोर झाले होते. "मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

काका पालथ्या बादलीवर बसले. हातातली वाटी फिरवू लागले.

"नोकरीत एक पीस खोटा पास केला न्हाई मी. म्यानेजर म्हनायचा, सोपान, ट्रक उभा हाय, जाऊ दे. न्हाई म्हंजी न्हाई. समदे शिव्या द्यायचे. आन् आता म्हातारपनी..." त्यांनी पिवळ्या चिठ्ठीकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"मग का, काका?"

"ती कुठनं आली, ठावं हाय का तुला?"

"थेरगाव. सोसायटीचं पार्किंग."

"ती सोसायटी आमच्या रानावर हाय. मी तिथंच ऱ्हातो, अकराव्या मजल्यावर. तळघर हाय ना पार्किंगचं, तिथं आमची इहीर हुती. दिवडी असायच्या इहिरीत. आमी पवायला उड्या टाकल्या की कपारीत जायाच्या, आमी भाईर आलो की परत पान्यावर. त्यांचा आमाला तरास न्हाई, आमचा त्यास्नी न्हाई. मग इहीर बुजवली. कुठं गेल्या कुनास ठावं, कुनी इचारलंबी न्हाई. आन् एवढ्या वर्सांनी सकाळी खाली आरडाओरडा, साप, साप. मी लिफ्टनं उतरलो तवर एकानं दांडकं घातल्यालं. बघितली आन् म्हनलं, अगं, तू हायस व्हय आजून?"

नळ थेंब थेंब गळत होता. तो नीट बंद करायला मी उठले आणि परत बसले.

"बिल्डिंगीतली मानसं चांगली हायत," काका म्हणाले. "वाईट न्हाई बोलनार. पर समदी भाईरची. लिफ्टमधी इचारत्यात, अंकल, किसके यहाँ आये हो? माझ्याच रानात." ते जरासे हसले. "ही तेवढी आमच्या वळखीची."

"पण होल्डवर ठेवलं तर तिला लांब पाठवतील. काचेत."

"ठावं हाय."

"मग?"

"मग काय, पोरी. ठावं असतं. हुत न्हाई."

त्यानंतर आम्ही वाट्या घासल्या. सगळ्या घासून झाल्या तेव्हा धुतलेल्या वाट्या त्यांनी पुन्हा घासायला घेतल्या.

सोमवारी दहा वाजता काकांनी बाही दुमडली, हात धुतला आणि पक्ष्यांच्या खोलीचं दार वाजवलं. "डाक्टर म्याडम, भाईर या. साक्षीला." त्या दिवशी मला पाणी आणायला पाठवलं नाही. त्यांनी पहिलं झाकण सरकवलं ते सातचं. हात पुरता आत जायच्या आधीच तिने तो धरला, आणि सोडेना. काका डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर टॉवेल घेऊन पुढे झाल्या तर त्यांनी मान हलवली. शेवटी तिनेच कंटाळून सोडलं.

"ओके," काका म्हणाले.

मग त्यांनी वहीत लिहिलं. रक्ताचा एक थेंब पानावर पडला, तो त्यांनी कडेने टिपून घेतला. मी नंतर ती ओळ कॉम्प्युटरवर उतरवली, तेव्हा तिला किती गुण द्यायचे ते ठरेना. "पेटी सात. चावते. पहिल्यापासून चावत होती. इन्स्पेक्टरची चूक." खाली सही.

डॉक्टरांनी ते वाचलं. माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. त्यांना रागवायचं होतं, पण बहुतेक दमलेल्या होत्या. "हात धुवा, काका," एवढंच म्हणाल्या. काकांनी पिवळी चिठ्ठी सोडून खिशात घातली आणि हिरवी बांधली.

बुधवारी सकाळी आम्ही तिला सोडायला निघालो. पार्किंगमध्ये सोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून मावळाच्या बाजूचा एक पाझर तलाव ठरला होता. डॉक्टर गाडी चालवत होत्या, मागे मी आणि काका, काकांच्या मांडीवर कापडी पिशवी. कंपन्यांच्या बस आणि कंटेनर यांच्यामध्ये आम्ही अडकून पडलो होतो. काका मधूनच पिशवीला हलक्या आवाजात काहीतरी सांगायचे. "सिग्नल हाय." "आता सुटंल." "घाट न्हाई, भिऊ नगंस."

तलाव निम्मा आटला होता, पण कडेला पाणवनस्पती होत्या आणि बेडूक ओरडत होते. काकांनी उतारावर बसून पिशवीचं तोंड सोडलं. ती बाहेर आली, क्षणभर जीभ काढून थांबली आणि पाण्यात उतरली. डोकं वर, मागे बारीकशी रेघ. रेघ लांबत गेली, मग पाणवनस्पतींत मोडली. काका म्हणाले, "गेली." डॉक्टरांनी वनखात्याचा कागद भरला, तेवढ्यात त्यांना फोन आला आणि त्या बोलत बोलत गाडीकडे गेल्या.

अशा वेळी मी शांतपणे तिथून सटकते. लोकांना एकटं सोडणं हा सभ्यपणा आहे असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले आहे. त्या दिवशी मी दोन पावलं चाललेही. मग वळले आणि काकांच्या शेजारी, ओल्या मातीत, चांगल्या सलवारीची पर्वा न करता बसले.

"काका, विहीर नेमकी कुठे होती?"

त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. मग जवळची एक काटकी उचलली आणि चिखलात रेघ ओढली.

"हे मेन गेट. ही बी विंग. हितनं रॅम्प खाली जातो. खाली पिलर नंबर सत्तेचाळीस. त्याला पाठ लावून जनरेटरकडं तोंड केलं, की म्होरं इहीर. हितं मोट चालायची, हे थारोळं, मोटंचं पानी हितं पडायचं. हे उंबराचं झाड, आता हितं टाकीचा पंप हाय. ह्या पायऱ्या. आन् ही," त्यांनी काटकीचं टोक एका जागी हळूच फिरवलं, "ही कपार. हिच्या आईची म्हन, आज्जीची म्हन."

मी मोबाईल काढला आणि लिहून घेऊ लागले. काका थांबले, माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि मग सावकाश, मला लिहिता येईल अशा बेताने सांगू लागले. रुंदी हाताच्या मापात. पायऱ्या मोजून. कुठल्या दगडावरून उडी मारली की कुठे बाहेर यायचं तेही.

"चला हो!" गाडीतून डॉक्टरांनी हाक मारली. "आणखी एक घार पडलीय."

"आलो, आलो," काका म्हणाले आणि उठले नाहीत.

"आणि खोल किती होती?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"मोजली न्हाई," ते म्हणाले. "उडी टाकायची आन् वर यायचं. तळाला पाय कवा लागलाच न्हाई."